लेकीची वही

आईला ७४ व्या वर्षी अल्झायमरचे निदान झाल्यापासून ५२ वर्षांच्या एका बाईंनी स्वतःच्या विसराळूपणाची वही ठेवली होती. पहिल्याच भेटीत त्यांनी ती माझ्यापुढे उघडली. 'सकाळी ९.१०, चष्मा सापडेना. दुपारी ४, शेजारणीचे नाव सुचेना. दहा मिनिटांनी सुचले.'

"आईच्या मेंदूत साचलेली प्रथिने माझ्याही मेंदूत साचत असतील का? स्कॅन करून घेऊ?" त्यांनी विचारले.

मी आधी वहीबद्दलच बोलले. या आजारात बहुधा विसरल्याचाच विसर पडतो आणि ते घरच्यांना अगोदर जाणवते. त्यांच्या बाबतीत मात्र घरच्या कोणालाच काही खटकले नव्हते आणि हरवलेले नाव त्यांचे त्यांनाच सापडत होते.

मग प्रथिनांकडे वळलो. १९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी मृत रुग्णाच्या मेंदूत जे पाहिले, त्यातले बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे थर चेतापेशींच्या बाहेर साचतात, तर टाऊ प्रथिनाचा गुंता पेशींच्या आत होतो. अमायलॉइड लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साचू लागते हे खरे. पण ते स्कॅनमध्ये दिसूनही स्मृती शाबूत असलेली वृद्ध माणसे पुष्कळ आहेत, आणि स्मृतीची घसरण टाऊच्या फैलावाशी अधिक जुळते. त्यामुळे लक्षणे नसताना केलेला स्कॅन बहुधा उत्तरापेक्षा धास्तीच जास्त देतो, असे माझे मत मी स्पष्टपणे सांगितले.

अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबविषयी त्यांनी वाचले होते. हे औषध अमायलॉइड हटवते. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांवरील १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, पण गेलेली स्मृती परतली नाही, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा त्यात रक्तस्राव होण्याचा धोका आहेच.

आनुवंशिकतेबद्दल खोटा दिलासा दिला नाही. आईला आजार असल्याने धोका काहीसा वाढतो. मात्र एकाच जनुकातील दोषामुळे जवळपास हमखास होणारा प्रकार एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत आढळतो आणि बहुधा पासष्टीच्या आतच सुरू होतो. रक्तदाब, मधुमेह आणि श्रवणशक्ती यांची तपासणी त्यांनी वर्षानुवर्षे टाळली होती; ती आधी करावी, असे ठरले.

निघताना त्या दाराशी थबकल्या. "परवा आईने मला ताई म्हणून हाक मारली," त्या म्हणाल्या, "तिला मी तिची बहीण वाटले."

ही नोंद वहीत नव्हती. पुढच्या दोन्ही भेटींत आम्ही त्याविषयीच बोललो.