मेंदूवर काम करायचंय, तर आधी जेआरएफ

पोरी, मेंदूवर पीएचडी करायला प्राणिशास्त्रातली एमएस्सी चालते का, असं विचारलंस; चालते. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळूरची मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था निम्हान्स, दोन्हीकडे जीवशास्त्रवाल्यांना दार उघडं आहे. पण आधी सीएसआयआर-यूजीसी नेट ही देशपातळीवरची परीक्षा घासून काढ. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, लागली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग ४२,००० (२०२३ पासूनचा दर). बाबांच्या कापसाच्या भावाकडे डोळे लावायला नको. नाहीच लागली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या आहेत, मात्र त्यांना पीएचडीची नोंदणी आधी लागते. लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर आताच काढ. सेतूतला सर्व्हर ऐन वेळीच झोपतो! आणि ज्यांच्या हाताखाली पीएचडी करायचीय त्या प्राध्यापकांना नुसता बायोडाटा नको धाडू. त्यांचा एक पेपर वाच, त्यातल्या एखाद्या आकृतीवर प्रश्न विचार. इंग्रजी मोडकं असलं तरी चालते.