आधी बघा, पैसे आणि किल्ली कुणाच्या हातात आहे

तुमचा प्रश्न असा: मोठ्या कंपन्यांची सामान्य माणसावर फार सत्ता झाली आहे का, की ‘नाही पटलं तर दुसरीकडे जा’ हे तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर?

साबणाच्या बाबतीत मित्राचं बरोबर आहे. वडी नाही आवडली तर पुढच्या महिन्यात दुसरी आणता येते. ती बनवणारी कंपनी हजारो कोटींची असली तरी तुमच्यावर तिची जबरदस्ती नाही. म्हणून कंपनीच्या आकारावरून तिची सत्ता मोजू नये. भांडण चालू असताना पैसे, घर किंवा कागद कुणाच्या ताब्यात आहेत, ते बघावं. ज्याच्या ताब्यात आहेत त्याला घाई नसते. समोरच्याचं मात्र रोज काहीतरी जात असतं: भाडं, हप्ता, कामावरची रजा, वकिलाची फी.

या कसोटीवर माझं उत्तर ‘हो, काही ठिकाणी फारच जास्त’ असं आहे. कायदा जिथे ताबा हलवतो तिथे माणसाला न्याय मिळतो, आणि कायदा जिथे नुसता तक्रारीचा हक्क देतो तिथे माणूस ताटकळतो. मोबाइलचं उदाहरण घ्या. पूर्वी कंपनी बदलायची तर नंबर जायचा, म्हणून लोक वाईट सेवा सहन करायचे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. १९०० वर एक एसएमएस पाठवायचा, आलेला कोड नव्या कंपनीला द्यायचा, काम झालं. कंपन्या पूर्वीइतक्याच मोठ्या राहिल्या, फक्त तुमचा नंबर त्यांच्याकडे अडकून राहायचा बंद झाला.

आता मुंबईत ही सत्ता सगळ्यात जास्त कुठे टोचते? घराच्या पुनर्विकासात. इथे रहिवासी आपली राहती जागा रिकामी करून किल्ली देतो आणि बदल्यात त्याला कागद मिळतो. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांचा करार २००८ सालचा. भाडं बंद पडलं, इमारती रखडल्या, आणि शेवटी काम म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण मंडळाला, स्वतःकडे घ्यावं लागलं. ‘नाही पटलं तर दुसरीकडे जा’ हे त्या माणसांना कसं सांगणार? त्यांचं ‘इकडे’ तर आधीच पाडलेलं होतं.

सोसायटीचा पुनर्विकास असेल तर सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचे ४ जुलै २०१९ चे सरकारी निर्देश आधी वाचा. त्यांत विकासकाने प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक गॅरंटी (विकासक चुकला तर बँकेने पैसे द्यायची लेखी हमी) सोसायटीला द्यावी असं आहे. नेमकी हीच अट वाटाघाटीत सोडली जाते. विकासक म्हणतो, ‘गॅरंटीत माझे पैसे अडकतात, त्यापेक्षा तुम्हाला थोडा कार्पेट (घरातली वापरायची जागा) वाढवून देतो, कॉर्पस (सोसायटीला मिळणारा एकरकमी निधी) वाढवतो.’ सभासद खूश होतात, पण वाढीव कार्पेट इमारत उभी राहिली तरच मिळणार असतो, आणि इमारत उभी राहिली नाही तर गॅरंटीच उपयोगी पडते. मी तरी कुठल्याही सोसायटीला हा सौदा करू नका असंच सांगेन. गॅरंटी घेतली तर ती बिनशर्त आणि मागताक्षणी वटणारी आहे का ते पाहा, आणि तिची मुदत ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळेपर्यंत पुरते का तेही. बऱ्याचदा गॅरंटी एका वर्षाची असते, कमिटी बदलते, नूतनीकरणाची तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही आणि ती गुपचूप संपून जाते. सोसायटीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख दोन महिने आधीपासून लाल शाईने लिहून ठेवा.

जागा रिकामी करण्याआधी आणखी तीन गोष्टी हातात हव्यात. सोसायटीचा विकास करार नोंदणीकृत हवा, आणि प्रत्येक सभासदाचा पर्यायी कायम जागेचा करारही स्वतंत्रपणे नोंदलेला हवा, म्हणजे वेळ आली तर तुम्हाला स्वतःच्या नावाने उभं राहता येईल. भाड्याबाबत एवढं लक्षात ठेवा की पुढच्या तारखांचे चेक म्हणजे पैसे नव्हेत. निदान पहिल्या वर्षाची रक्कम खात्यात जमा करून घ्या. आणि विकासकाला कर्जासाठी गहाण टाकायचंच असेल तर फक्त विक्रीचा भाग, सभासदांच्या फ्लॅटचा भाग कधीच नाही, हे वाक्य करारात शब्दशः असू द्या. ते नसेल तर उद्या बँकही तुमच्या घराची दावेदार होते. हे सगळं आधीच बांधून घ्यायचं कारण असं की जुन्या रहिवाशाला रेराचं, म्हणजे घर विकत घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याचं, दार बहुतेक वेळा उघडत नाही. त्याने फ्लॅट विकत घेतलेला नसतो ना.

नवा फ्लॅट विकत घेणाऱ्याची स्थिती मात्र रेरामुळे २०१७ पासून बरीच सुधारली आहे. कायदा करारातली खोट दुरुस्त करू शकतो हे इथे स्पष्ट दिसतं. गुरुग्रामच्या एका प्रकल्पातल्या करारात ग्राहकाचा हप्ता चुकला तर १८ टक्के व्याज होतं आणि बिल्डर चुकला तर ९ टक्के, तेही लांबलचक थांबल्यावर. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये अशा एकतर्फी अटी म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या. रेरात तर दोन्ही बाजूंना एकच दर आहे, महाराष्ट्रात स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के. नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेराच्या कलम १३ ने बंदी आहे. ‘ऑफर रविवारपर्यंतच आहे, २० टक्के भरून टाका’ असं सेल्स ऑफिसात कुणी म्हणालं तर ते बेकायदा मागणी करत आहेत. भरू नका, कारण तेवढे पैसे गेले की करारातली अट बदलून मागण्याची तुमची ताकद संपते.

रेराची दुखरी नस वसुली आहे. आदेश मिळतो, बिल्डर पैसे देत नाही, मग महारेरा (महाराष्ट्रात रेरा राबवणारं प्राधिकरण) जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली वॉरंट पाठवतं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली व्हायची असते. तिथे फाइल थांबते, कारण बिल्डरची कुठली मालमत्ता जप्त करायची हे तहसील कार्यालयाला ठाऊक नसतं. हे काम तुम्हीच करा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर न विकलेल्या फ्लॅट्सची माहिती असते. ती छापून, त्याच बिल्डरच्या इतर प्रकल्पांचीही जोडून, वॉरंटच्या क्रमांकासह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

वीजबिलाचं प्रकरण याच्या अगदी उलट आहे, म्हणून ते मला आवडतं. अचानक ४० हजारांचं बिल आलं आणि कंपनी म्हणाली आधी भरा मग बोला, तर घाबरू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे लाइन तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. शिवाय तुम्ही हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत लाइन तोडता येत नाही. म्हणजे वादाच्या काळात ३७-३८ हजार तुमच्याच खिशात राहतात. अर्जावर ‘हरकत नोंदवून भरत आहे’ हे शब्द आणि मीटर तपासणीची मागणी एकत्र लिहा. नुसतं सरासरी बिल ऑनलाइन भरलं आणि पत्र दिलं नाही, तर तो साधा अर्धवट भरणा समजला जातो. चूक नेमकी इथेच होते.

बँकेचंही तसंच. खात्यातून तुमच्या नकळत पैसे गेले, चूक ना तुमची ना बँकेची, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुमचं दायित्व शून्य. बँकेने दहा कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात परत दाखवायची, आणि ग्राहक जबाबदार होता हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कराच, पण त्यावर थांबू नका. बँकेला स्वतंत्रपणे लेखी कळवून तक्रार क्रमांक घेतला नाही, तर तीन दिवसांचा हिशेब तुमच्याविरुद्ध जातो. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान तुमचं, म्हणून तिथे तर मिनिटं मोजा.

बाकी बहुतेक भांडणं ग्राहक आयोगात जातात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा चांगला आहे. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. वस्तूची किंवा सेवेची तुम्ही दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. वकील सक्तीचा नाही. करारात लवादाचं (वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याचं) कलम आहे म्हणून दार बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. आणि कंपनीला अपील करायचं असेल तर जिल्हा आयोगाने ठरवलेल्या रकमेच्या निम्मी आधी जमा करावी लागते. ताबा हलवणारी आणखी एक तरतूद!

तरी प्रकरणं हरतात ती साध्या कारणांनी. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती कारण घडल्यापासून मोजतात. कस्टमर केअरशी पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही, आणि ‘आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे’ अशा उत्तरांवर वर्ष सहज निघून जातं. दुसरं, विमा कंपनी अर्धी रक्कम देताना ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या पावतीवर सही मागते. नाइलाजाने सही करायची असेल तर तिथेच ‘हक्क राखून स्वीकारले’ लिहा आणि त्याच दिवशी तसा ईमेल करा. तिसरं, कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस आणि जास्तीत जास्त १५ दिवसांची वाढ मिळते. त्यापुढे आयोगालाही वाढ देता येत नाही, हे घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलंय. शेहेचाळिसाव्या दिवशी कंपनीचा वकील तारीख मागायला उभा राहिला, तर तुम्ही लेखी अर्ज देऊन उत्तराचा हक्क बंद करायला सांगा. तुम्ही गप्प राहिलात तर तारीख पडते.

गल्लीतला छोटा ठेकेदारही फसवतो, मग कंपन्यांनाच का बोल लावायचा, असं कुणी म्हणेल. फसवतो, आणि कधी कधी जास्तच. पण नियमाचा मसुदा लिहिणाऱ्या टेबलापर्यंत ठेकेदाराचा हात पोहोचत नाही. इथे मला खरी भीती वाटते. गिरणगावाचं, म्हणजे मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या भागाचं, बघा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ प्रमाणे जमीन पुन्हा वापरायची झाली तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणीच्या आवारात शेड आणि इमारतीच दाटलेल्या, त्यामुळे शहराच्या वाट्याला तुकडे आले. हायकोर्टाने वेगळा अर्थ लावला होता, पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने २००१ चा बदल वैध ठरवला. परळ-लोअर परळमध्ये आज मैदान शोधताना जी दमछाक होते, तिचं मूळ त्या बदललेल्या नियमात आहे. पक्षांना नाव न कळता देणगी देण्याच्या निवडणूक रोख्यांबाबतही तेच. २०१७ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली गेली. सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती दुरुस्तीही रद्द केली, पण मधली सात वर्षं गेलीच.

या पातळीवर एकट्याने ‘दुसरीकडे जाणं’ निरर्थक असतं, पण हाताशी काहीच नाही असंही नाही. विकास नियमांत बदल करताना हरकती-सूचना मागवाव्या लागतात, साधारण महिन्याभराची मुदत असते. वीज दर ठरवताना वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो. तिथे कंपन्यांचे वकील आणि सल्लागार फाइली घेऊन बसलेले असतात, आणि ग्राहकांच्या बाजूला मोजकी माणसं. हरकत लिहिताना ‘दरवाढ अन्यायकारक आहे’ असं मोघम लिहिलं तर एका ओळीत निकाली काढतात. प्रस्तावाचा परिच्छेद क्रमांक, त्यातला आकडा, आणि तो का चुकीचा आहे हे लिहिलं तर आयोगाला आदेशात त्याला उत्तर द्यावं लागतं. हे काम दहा जणांनी वाटून घेतलं तर एका रविवारी होतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे, त्यांच्याकडे याचा सराव असलेली माणसं भेटतील. आणि एकाच अटीने शंभर जण फसले असतील तर शंभर तक्रारी करू नका. ग्राहक कायद्याच्या कलम ३५(१)(क) प्रमाणे आयोगाची परवानगी घेऊन एकाने सगळ्यांच्या वतीने तक्रार करता येते. परवानगीचा अर्ज तक्रारीसोबतच द्यायचा, आणि सगळ्यांचं हित एकसारखं कसं आहे हे त्यात नीट मांडायचं. नुसती नावांची यादी जोडली तर तो अर्ज नामंजूर होतो.