सोमवारचा पाऊस मंगळवारच्या नावे का?

प्रश्न : पावसाळ्यात आम्ही रत्नागिरीला गेलो होतो. सोमवारी दिवसभर कोसळलेला पाऊस वेधशाळेच्या नोंदीत मात्र मंगळवारच्या तारखेवर आढळला. असे का? शिवाय तेथील खाऱ्या हवेत उपकरणे बिनचूक कशी राहतात?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नोंदीत चूक नाही. भारतीय हवामान विभागाच्या वेधशाळांत पावसाचा दिवस मध्यरात्री नव्हे, तर सकाळी साडेआठला संपतो. त्या वेळी पर्जन्यमापकात साठलेले मागील 24 तासांचे पाणी मोजून त्यावर मोजणीच्या दिवसाची तारीख घातली जाते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला झालेला 944 मिलिमीटर पाऊस त्यामुळेच 27 जुलैच्या नावे नोंदलेला आहे. त्याच 24 तासांत कुलाब्याला 75 मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता, म्हणून पावसाचा आकडा वाचताना तारखेइतकेच केंद्राचे नावही पाहावे.

आपला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती ठेवणाऱ्या तिरप्या पट्ट्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात आणि वाचन घेताना आत ऊन शिरू नये म्हणून पेटीचे दार उत्तरेकडे असते. त्यातील एका तापमापकाच्या फुग्याला ओले मलमलचे कापड गुंडाळलेले असते. बाष्पीभवनाने तो थंड होतो आणि कोरड्या तापमापकाशी त्याचा जो फरक पडतो, त्यावरून हवेतील आर्द्रता काढतात. मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी हा फरक पंधरा अंशांहूनही अधिक असू शकतो, तर कोकणात भर पावसाळ्यात तो जेमतेम एक-दोन अंशांचा असतो. कापडावर मीठ साचले की बाष्पीभवन मंदावते, ओला तापमापक असावे त्याहून अधिक तापमान दाखवतो आणि मुळातच लहान असलेल्या फरकात ही चूक मोठी ठरते. त्यामुळे किनाऱ्यावर हे कापड वरचेवर बदलावे लागते व भिजवायला ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे लागते. दहा मीटर उंचीवरील वातदर्शक आणि वेगमापकाच्या फिरत्या भागांवरही मिठाचा थर बसतो. दुपारचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे यांची अदलाबदल अचूक टिपायची, तर त्यांचीही सफाई चुकवून चालत नाही.

स्वयंचलित केंद्रांनाही हीच देखभाल लागते. मे 2024 च्या अखेरीस आपल्याच नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवले होते. तो आकडा संवेदकातील बिघाडाचा असल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले.