दप्तरातली पुडी
प्रश्न : अकरावीतल्या माझ्या मुलाच्या दप्तरात माव्याच्या पुड्या सापडल्या. स्वतः तंबाखू खाणाऱ्या वडिलांनी त्याला मारले; तेव्हापासून तो घरात बोलतच नाही. काय करावे?
– एक आई, कराड (जि. सातारा)

उत्तर : मारहाण आधी थांबवा. ज्या घरात माया आणि स्पष्ट नियम दोन्ही असतात, मुलगा कुठे, कुणाबरोबर आहे हे आईवडिलांना ठाऊक असते, तिथे व्यसनाचा धोका कमी आढळतो. नुसत्या धाकाने मुले लपवायला शिकतात. वडिलांच्याच खिशात पुडी असेल, तर त्यांचा उपदेश त्याला पटणार कसा? म्हणून (त्यांना हे रुचणार नाही, तरीही) बापलेकांनी तंबाखू एकत्रच सोडावी. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर दोघांनाही मोफत समुपदेशन मिळेल. १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे २००३च्या कायद्याने गुन्हा आहे, हे टपरीवाल्यालाही सांगा.