टिकल्यांची हत्तीण

प्रश्न : लेक दोन वर्षांपासून इंग्लंडला नोकरीला आहे. परवा तिने फोनवर एका शिल्पाचा फोटो पाठवला. जमिनीवर बसकण मारलेली हत्तीण, अंगभर पांढऱ्या टिकल्या. भारती खेर यांचं काम म्हणे. खाली लिहिलंय, 'आई, ही मीच.' मला घोरच लागलाय. हत्तीण मेलीय का? – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, घोर लावून घेण्याआधी फोटो मोठा करून टिकल्या बघा. गोल नाहीत त्या. डोकं वाटोळं आणि मागे वळवळती शेपटी, थेट शुक्राणूसारखी. आम्ही तिला नागाची टिकली म्हणायचो. आईच्या आरशाच्या कडेला दोनचार कायम चिकटलेल्या. खेरबाईंना ती 1995 च्या सुमारास बाजारात एका बाईच्या कपाळावर दिसली. कुठून घेतली ते विचारून त्यांनी दुकानातली होती नव्हती ती पाकिटं उचलली. आपल्याला रोज बघून जे दिसलं नाही, ते त्यांना दिसलं. बाहेरून आल्या होत्या ना! जन्म 1969 चा, लंडनचा. आईवडील भारतातून तिकडे गेलेले. चित्रकला शिकून झाल्यावर ही मुलगी उलटी दिल्लीला येऊन राहिली. तुमच्या लेकीचीच वाट, फक्त दुसऱ्या टोकाकडून.

हत्तीण 2006 ची, फायबरग्लासची, खऱ्या हत्तिणीच्या मापाची. नाव 'द स्किन स्पीक्स अ लँग्वेज नॉट इट्स ओन', म्हणजे कातडी बोलतेय ती भाषा तिची स्वतःची नाही. हत्ती म्हटला की परक्याला भारत आठवतो, टिकली म्हटली की भारतीय बाई. या दोन्ही आयत्या ओळखी एकीच्याच अंगावर चढवल्यात. (2010 साली लिलावात तिला 10 लाख पौंडांच्या आसपास आले, चर्चा बहुतेक त्याचीच झाली.)

आता मेलीय की उठतेय? ते मुद्दामच उघडं ठेवलंय. मी शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा मुलांना सांगायचे, जनावर काढताना आधी त्याचा भार कुठे पडलाय ते बघा. हिचा सगळा भार पोटावर, सोंडही खाली टेकलेली. पण टिकल्या बघा, भोवऱ्यासारख्या फिरतायत अंगभर. मला तरी ती दमलेली वाटते, मेलेली नाही.

लेकीला फोन करा. 'असं काय लिहितेस' म्हणून रागावू नका. दिवसभर कुणाची भाषा बोलून दमतेस, एवढं विचारा. आणि तिकडे टिकली लावतेस का, तेही.