पहिली रायफल : धक्का नेमका कशाने कमी होतो?

प्रश्न : माझी पंधरा वर्षांची मुलगी अंगाने बारीक आहे. हरणाच्या शिकारीसाठी परवान्याच्या चौकटीत राहून तिला पहिली रायफल घ्यायची आहे. गोळी सुटताना खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून मुलांसाठी बनवलेली सर्वांत हलकी रायफल घ्यावी, असा सल्ला मिळाला. तो योग्य आहे का?

उत्तर : नाही. हलकी रायफल हाताला सोयीची असली, तरी खांद्याला ती जड जाते. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन एक-पंचमांशाने घटवले, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे एक-चतुर्थांशाने वाढते. वर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीसह साडेतीन किलोच्या आसपासचे वजन मुलीला पेलत असेल, तर त्याहून हलकी रायफल घेऊ नये.

काडतुसांत माझी पहिली पसंती १९५५ पासून वापरात असलेल्या .२४३ विंचेस्टरला राहील, कारण सारख्याच वजनाच्या रायफलीत त्याचा धक्का .३०-०६ या मोठ्या काडतुसाच्या जेमतेम निम्मा भरतो. मात्र त्याची गोळी हलकी असल्याने नेम चुकल्यास ती फारसे सांभाळून घेत नाही; धक्का किंचित अधिक चालणार असेल, तर ६.५ क्रीडमूर किंवा ७ एमएम-०८ या काडतुसांचा विचार करावा. हरणासाठी किमान किती व्यासाची गोळी लागते, याचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात. ते आधी पाहावेत.

खरी मेख दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, लांबीत असते आणि खरेदीच्या वेळी नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. प्रौढांच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण साडेतेरा इंच अंतर असते. बारीक चणीच्या मुलांना बारा ते साडेबारा इंच पुरतात. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, मुलीचा कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवावे. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचले, तर माप बरोबर आहे असे समजावे. दस्ता लांब असेल, तर तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर येतो, मान पुढे ताणली जाते आणि दुर्बिणीची कड भुवईवर आदळते. पट्ट्या घालून लांबी वाढवता येणारा दस्ता मिळाल्यास मुलगी उंच झाल्यावरही तीच रायफल चालेल.

नळीच्या तोंडावरचा मझल ब्रेक धक्का कमी करतो, पण आवाज नेमबाजाच्या कानांकडे वळवतो, आणि नवशिक्याला धक्क्याइतकीच आवाजाचीही धास्ती असते. त्यामुळे तो टाळून दस्त्याच्या टोकाला रबरी पॅड आणि कमी धक्क्याची काडतुसे वापरावीत. सरावात कानांत बोळे व वर कर्णरक्षक, दोन्ही असावेत. बराचसा सराव .२२ रिमफायर या अगदी कमी धक्क्याच्या छोट्या रायफलीवर करून घ्यावा; मोठ्या रायफलीवर आल्यावर मधूनच तिच्या नकळत बार न उडणारे नकली काडतूस भरावे, म्हणजे चाप ओढताच धक्क्याच्या धास्तीने नळी खाली झुकते का, हे लगेच दिसेल. झुकत असेल, तर तेवढ्यापुरते पुन्हा .२२ कडे वळावे.