अडेनियमचा बुंधा मऊ पडलाय: पाणी घालावं की थांबवावं?

मुंबईतल्या एका वाचकाने विचारलेला हा प्रश्न. पश्चिमेच्या खिडकीत, ग्रिलमध्ये त्यांच्याकडे अडेनियम, कलांचो आणि युफोर्बिया ही पाणी साठवून ठेवणारी तीन झाडं आहेत. तिन्हींना रोज सकाळी अर्धा कप पाणी. अडेनियमची पानं पिवळी, बुंधा मऊ, आणि पाऊस तोंडावर आलेला.

आधी बुंधा नीट दाबून बघा, कारण मऊपणा दोन तऱ्हेचा असतो. तहानलेला बुंधा सगळीकडून सारखाच दबतो, साल सुरकुतते आणि माती तळापर्यंत कोरडी असते. भरपूर पाणी दिलं की काही दिवसांत तो पुन्हा टणक होतो. कुजलेला बुंधा मात्र एकाच जागी, बहुतेक वेळा मातीलगत, लिबलिबीत लागतो. तिथली साल काळपट होते, दाबल्यावर तपकिरी पाणी येतं, वासही येतो. असं असेल तर पाणी पूर्ण बंद. झाड कुंडीतून काढा, मुळांची माती झाडा आणि सडका भाग स्वच्छ सुरीने कापत जा. आतला गर सगळीकडे पांढरट दिसेपर्यंत थांबू नका. तपकिरी ठिपका राहिला तर कूज तिथूनच परत पसरते. दर कापाला सुरी पुसून घ्या. कापल्या जागी बुरशीनाशक पावडर चोळा आणि झाड सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर तसंच ठेवा. जखम सुकली की कोरड्या मिश्रणात लावा, पहिलं पाणी आणखी आठवड्याने. हातमोजे घालाच: अडेनियमचा चीक विषारी असतो आणि युफोर्बियाचा डोळ्यात गेला तर फार त्रास देतो.

आता त्या रोजच्या अर्ध्या कपाबद्दल. एवढ्या पाण्याने वरची दोन-तीन इंच माती कायम ओली राहते, म्हणजे नेमकी बुंध्याभोवतीची, आणि खालची मुळं कोरडीच राहू शकतात. पाणी द्यायचं ते खालच्या भोकांतून वाहेपर्यंत, कडेकडेने, बुंध्यावर न ओतता. सहा इंची कुंडीला साधारण अर्धा लिटर लागतं. ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाका. मग माती सुकेपर्यंत हात लावायचा नाही. कसं कळणार? कबाबाची लाकडी काडी तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओलसर, गडद निघाली किंवा माती चिकटली तर थांबा. नुकतं पाणी दिलेली आणि सुकलेली कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतलात, तर पुढे काडीचीही गरज नाही.

नर्सरीतून झाड बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) नाहीतर चिकट लाल मातीत येतं. कोकोपीट वरून वाळलेलं दिसतं आणि मध्ये आठवडाभर ओलं राहतं, मुंबईच्या दमट हवेत तर जास्तच. अर्धा भाग विटांचे बारीक तुकडे किंवा पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे), पाव भाग जाडी रेती, पाव भाग चाळलेलं कंपोस्ट, हे मिश्रण इथे चांगलं चालतं. विटांचा थर तळाला देऊ नका. बारीक मातीतलं पाणी त्या थरात सहज उतरत नाही, वरच थांबतं आणि मुळं त्यातच उभी राहतात. तुकडे मिश्रणात मिसळा, भोकावर एखादी खापरी पुरे.

मार्च ते मेमध्ये पूर्ण उन्हातल्या मातीच्या कुंडीला दोन-तीन दिवसांनी, प्लास्टिकच्या कुंडीला चार-पाच दिवसांनी पाणी लागेल. हा अंदाज आहे, निर्णय काडीचा. पावसाळ्यात पश्चिमेच्या खिडकीत सर थेट आत येते, छज्जा असला तरी. म्हणून जूनच्या आधीच कुंड्या उजेडाच्या पण कोरड्या जागी हलवा. हलवणं शक्य नसेल तर जोराच्या पावसात अडेनियमची कुंडी आडवी करून ठेवा. जुलैत दोन-दोन आठवडे पाणी लागत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी पुन्हा वाढवा, डिसेंबर-जानेवारीत अडेनियमची पानं गळू लागली की कमी करा. एसीची नळी किंवा वरच्या मजल्यावरची कुंडी वर ठिबकत नाही ना, तेही बघा. पाणी मोजून देऊनही झाड कुजतं ते अशाने.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या कडेवर पांढरे क्षार धरतात. तेव्हा महिन्यातून एकदा, एरवी देता त्याच्या दुप्पट-तिप्पट साधं नळाचं पाणी घालून माती धुऊन काढा.

तिघांना एकाच मापाने पाणी देऊ नका. युफोर्बियाला अडेनियमपेक्षा थोडं जास्त लागतं. फार काळ कोरडं राहिलं तर ते पानं टाकून देतं. कलांचोच्या मांसल पानांच्या बेचक्यात पाणी साठून राहिलं की ती सडतात, म्हणून झारीने वरून शिंपडू नका, बुडाशी द्या. त्याची खालची पानं हाताला लुळी लागली की पाणी द्यायचं. कलांचोला फुलं येत नाहीत म्हणून पाणी किंवा खत वाढवण्यात अर्थ नाही. त्याच्या कळ्या धरतात लांब, अखंड अंधाराच्या रात्रींनी. ऑक्टोबरपासून रात्री खोलीच्या ट्यूबलाइटचा किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्याच्यावर पडणार नाही अशी जागा द्या.